‘दुसरी चढाई’ आणि माझे चौदा मुद्दे

आधी चहा घ्या, आणि घोट गिळून झाला की मगच ऐका. मागं ही फजिती सांगताना एकीच्या नाकातून चहा आला आणि बोल मला लावला!

तर मी शोभा, उत्रोलीची. आता तुम्ही मला भाताच्या खाचरात वाकलेली बघता, पण एके काळी भोरच्या कॉलेजात मी कबड्डीची कप्तान होते. मी चढाईला निघाले की समोरच्या पोरी देवाचं नाव घ्यायच्या. हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. बरं, मी म्हणते आणि लोक ऐकून घेतात. पण खोटं नाही!

गेल्या वर्षी लेकाचं लग्न झालं. सून मेघना, पुण्याची. शांत पोरगी, दिवसभर लॅपटॉपवर तिचं काम चालतं. बोलते कमी, ऐकते जास्त. मला अशीच सून हवी होती, कारण आमच्या घरात बोलायचं काम मी एकटी सांभाळते.

गणपती झाल्यावर एके दिवशी तिनं माझ्या हातात एक कादंबरी ठेवली. नाव ‘दुसरी चढाई’, लेखिका कोणी ऋतुगंधा.

“आई, वाचून बघता का? माझ्या मैत्रिणीनं लिहिलीय. कबड्डी आहे त्यात. पण जे वाटेल ते खरं सांगा हं.”

खरं सांगा! आणि हे मला!

दोन दिवसांत वाचून काढली. आणि काय सांगू, डोकंच फिरलं माझं! कॉलेजातली नायिका स्वरा, कबड्डी खेळणारी. तिचा आर्यन, तोही कबड्डी खेळणारा. एका निरोपाचा घोटाळा होतो आणि दोघं रुसतात. किती दिवस? सात वर्षं! मग तो प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर येतो आणि हिला पुन्हा प्रेम फुटतं. अहो, सात वर्षं कोण रुसतं? आमच्या घरचा रुसवा भाकरी तव्यावरनं उतरेपर्यंतसुद्धा टिकत नाही.

आणि कबड्डी? ही बया केस मोकळे सोडून चढाईला जाते! तिथं तिला गर्दीत आर्यन दिसतो आणि ती दोन पानं मनातलं बोलते. मोठ्यानं! चढाईत ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायचं असतं एका दमात, आणि ही म्हणते, ‘आर्यन, तू त्या पावसात का आला नाहीस?’ पंचाची शिट्टी कुठं गेली? पंचसुद्धा प्रेमात पडला का?

मी मेघनाला सगळं सांगितलं. ती मन लावून ऐकत होती.

“आणि संघात नऊ जणी? अगं, सात असतात सात! तुझ्या मैत्रिणीनं मैदान तरी बघितलंय का कधी?”

“नसेल बघितलं,” मेघना म्हणाली.

“मग कशाला लिवायचं?”

“आवडलं असेल तिला.”

इथं थांबायला पाहिजे होतं की नाही मी? पण थांबेन तर मी कसली!

भात झोडायला खळ्यावर आम्ही सहा-सात बायका होतो. तिथं मी त्या कादंबरीचा प्रयोगच लावला. पदर खोचला, पेंढीलाच आर्यन केलं आणि दोन पानांचं भाषण ठोकलं. बायका हसून हसून आडव्या! मेघना चहाची किटली घेऊन आली होती. तीही हसली. जरा कमी हसली, एवढं मला आता आठवतंय.

तेवढ्यानं पोट भरेना, म्हणून ठरवलं, प्रकाशकालाच पत्र लिहायचं. मला मोबाईलवर टाईप करता येत नाही. मग केलं कोणी? मेघनानंच! मी झोपाळ्यावर बसून सांगतेय, ती खाली बसून टाईप करतेय.

“लिव. मुद्दा सातवा. नायिकेला अक्कल न्हाई.”

“‘अक्कल कमी आहे’ लिहू का? बरं दिसेल.”

“न्हाई म्हंजे न्हाई! आन् शेवट लई टुकार हाय, ते लिवलंस का?”

“लिहिलं आई. ‘टुकार’च्या खाली रेघ मारू?”

“दोन मार!”

असे चौदा मुद्दे झाले. पोरीनं माझ्या बोलण्यातल्या चुका सुधारून पत्र पाठवलं. मी कौतुकानं म्हटलं, “मैत्रिणीची बाजू न घेता लिवलंस बाई तू. गुणाची हायेस!”

दहा दिवसांनी प्रकाशकांचा फोन. पत्र फार आवडलं, भोरला वाचनालयात लेखिकेशी गप्पांचा कार्यक्रम आहे, तुम्ही जाणकार वाचक म्हणून बोला. जाणकार वाचक! फोन ठेवल्यावर मी अख्ख्या आळीत फिरून आले.

कार्यक्रमाच्या दिवशी मेघना मैत्रिणीला मदत करायला म्हणून सकाळीच पुढं गेली. मी इरकल नेसले, खळ्यावरच्या चौघींना वडापच्या जीपमध्ये घातलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. मांडीवर चौदा मुद्द्यांचा कागद. आज त्या ऋतुगंधेची पकड करायचीच!

सूत्रसंचालक उठले. “ऋतुगंधा या टोपणनावानं लिहिणाऱ्या आपल्या लेखिका, उत्रोलीच्या सूनबाई, सौ. मेघना!”

मी टाळ्या वाजवल्या. खरंच सांगते, चांगल्या तीन-चार टाळ्या वाजवून झाल्यावर नाव डोक्यात शिरलं.

शेजारच्या मंदानं चिमटा काढला. “शोभाताई, ही तर तुमचीच मेघना!”

“दिसतंय मला!”

“आन् खळ्यावर आपुन जे...”

“गप बस मंदे!”

मेघना मंचावर बसली होती. माझ्याकडं बघून हसली, पण हात पदराशी चाळा करत होते. महिनाभर ही पोरगी माझ्यासमोर बसून स्वतःच्या लेकराला नावं ठेवून घेत होती, आणि वर रेघा मारत होती. दोन-दोन!

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. माईकसमोर उभी राहिले, कागद उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

“ह्या पुस्तकाला म्या लई नावं ठिवली,” मी म्हटलं. “त्यातलं एकबी मागं घेत न्हाई.”

सभागृहात हशा. मेघनासुद्धा हसली.

“पर एक सांगते. हिच्या तोंडावर म्या हिचं पुस्तक झोडलं, खळ्यावर भात झोडावं तसं. ही हलली न्हाई. कप्तान असताना म्या लई पोरी बघितल्या, पर असला दम एकीतबी न्हवता. येवढा दम जिच्यात हाय, तिनं नायिका अशी बिनदमाची का लिवावी, ह्येच माझं भांडण हाय. ती माझी सून हाय. आन् पुढचं पुस्तक ती ह्याच्यापरीस भारी लिवणार, ह्ये म्या हितं सांगून जाते!”

काय टाळ्या पडल्या म्हणता! मंदा तर खुर्चीवरून उठली. डोळे पुसत मी खाली उतरायला लागले, तर मेघनानं माईक घेतला.

“आई, बाकीचे तेरा मुद्दे राहिले.”

परतताना वडापमध्ये मी तिला विचारलं, “तू कबड्डी कधी बघितली न्हाईस, मग लिवलीस कशी?”

“तुमच्याकडूनच ऐकली की! रोज सांगता ना तुम्ही.”

“मग संघात नऊ जणी कुठनं आणल्यास?”

ती जरा घुटमळली. “आई, भोरच्या अंतिम सामन्यात तुम्ही एका चढाईत नऊ जणी बाद केल्या होत्या, असं तुम्हीच सांगितलंत.”

वडापमधली सगळी माणसं खिडकीबाहेर बघायला लागली.

आता ती दुसरी कादंबरी लिहितेय, आणि ह्या खेपेला कबड्डीचं सगळं मला विचारून. परवा म्हणाली, “आई, चढाईत निदानरेषा ओलांडून माघारी कसं फिरतात, दाखवता?” दाखवता म्हणजे? कप्तानाला? अंगणात रेघ आखली, शेजारपाजार गोळा झाला. ‘कबड्डी कबड्डी’ करत तीन पावलं अशी टाकली की काय सांगू! चौथ्याला कमरेत कट्‌कन आवाज झाला आणि मी तुळशीपाशी आडवी.

तेव्हापासून पडून आहे. मेघना उशाशी बसून एका हातानं कंबर शेकते, दुसऱ्या हातानं लिहिते. काल हळूच म्हणाली,

“आई, पडताना तुम्ही जे ओरडलात ना, ते जसंच्या तसं छापलं तर चालेल?”

मी म्हटलं, छाप! एवढ्या एका वाक्यात तरी कुणाला चूक सापडायची नाही.