तीन डबे आणि मास्तरांची कात्री

मास्तर कापड बेतायला लागले की बघणाऱ्याला वाटायचं, कापडच घाबरून सरळ पडलंय. एकदा खडूनं रेघ मारली की ती पुसायची नाही, आणि कात्री हातात असताना कुणी बोलायचं नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून खोकलं तरी मास्तर मान वर करत नसत.

शिवणाचं दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं. पुढच्या खोलीत बेतायचं लांब टेबल. मागच्या खोलीत मशीनवर माझी नणंद, खिडकीपाशी खाली बसून काजं, बटणं नि तुरपाई करणारी मी, आणि दाराजवळ इस्त्रीवाला. त्याला आम्ही वाफ म्हणायचो. दिवसभर वाफेत उभा असायचा आणि तोंड उघडलं की त्यातूनही वाफच निघायची.

मास्तरांची बायको लवकर गेली. मुलाला त्यांनी टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर झोपवून मोठं केलं. त्या मुलाला मोठेपणी शिवणाचा असा काही कंटाळा आला की तो अंगावरचा शर्टसुद्धा तयार विकत घ्यायचा. तो घालून वडिलांना भेटायला यायचा, आणि मास्तर त्याची कॉलर दोन बोटांत धरून म्हणायचे, "हे कुणी शिवलंय? माणसानं की शत्रूनं?" मुलगा हसायचा. दुसऱ्या गावी चांगल्या नोकरीत होता. वडिलांना घेऊन जायचं त्याच्या मनात फार दिवस होतं.

मास्तरांना बोलायची हौस नव्हती, पण चहाच्या वेळी ते एक कोडं घालायचे. ज्याला सुटेल त्यानं दुसऱ्या दिवशी आपलं काम आपण निवडायचं, बाकीच्यांनी उरलेलं गुमान करायचं. जाड कोटाला अस्तर लावणं कुणालाच नको असे, म्हणून आमची डोकी चालायची. वन्संना कोडी पटापट सुटायची आणि अस्तर माझ्या वाट्याला यायचं. मी फारशी शाळा केली नाही, असं कारण मी पुढं करायचे. पण वन्संही माझ्याइतकंच शिकलेल्या, तेव्हा ते कारण काही कुणी ऐकून घेत नसे.

मग कोटाची भानगड झाली. एका मोठ्या हॉटेलाच्या दारावर उभं राहणाऱ्या माणसाचा कोट होता. मास्तरांनी दोन्ही बाह्या डाव्याच बेतल्या. एक कापल्यावर कापड उलटवून दुसरी कापायची, ते उलटवणंच राहिलं. वन्संनी मशीनवर घेताना पाहिलं, पण उशीर झाला होता, तेवढं कापड पुन्हा मिळणार नव्हतं. मास्तरांनी बाह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या.

वाफ म्हणाला, "मास्तर, त्याला सांगू या, एका हातानं सलाम कर आणि दुसरा खिशातच ठेव."

हॉटेलवाल्यांनी बाह्यांचं मुलाच्या कानावर घातलं, आणि मुलगा आला. आमच्या देखतच म्हणाला, "बाबा, अजून एक कोट बिघडला की दुकानाला कुलूप. तुम्ही माझ्याकडे यायचं. वाद नको."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही याचंच आम्हाला जास्त वाटलं.

त्याच आठवड्यात त्यांनी ते डब्यांचं कोडं घातलं.

"तीन डबे आहेत. एकात नुसती काळी बटणं, एकात नुसती पांढरी, एकात दोन्ही मिसळलेली. झाकणांवर चिंध्या शिवल्यात, काळी, पांढरी आणि चौकटीची. चौकटीची म्हणजे मिसळ. पण झाकणांची अदलाबदल झालीय. आत न बघता एकाच डब्यातून एकच बटण काढायचं आणि तिन्ही डब्यांत काय आहे ते सांगायचं. हात कुठल्या डब्यात घालाल?"

"तिन्ही डबे उपडे करीन," वाफ म्हणाला.

"उद्या अस्तर तुला."

त्या दिवशी कुणाला सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी चहाला वन्सं म्हणाल्या, "मास्तर, हरले. सांगा आता." मास्तरांनी कप खाली ठेवला. "सांगतो की," म्हणाले, आणि खडू शोधायला उठले. खडू त्यांच्या कानावरच होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा टेबलाशी उभ्या उभ्या घेतला. अस्तराचे कोट साचत चालले होते आणि निवड कुणी करायची ते ठरत नव्हतं.

शेवटी मास्तरच मागच्या खोलीत आले. माझ्यासमोर उकिडवे बसले. एरवी ते खाली बसत नसत.

"बाई, मला उत्तर आठवत नाही. वडिलांनी मला घातलेलं कोडं आहे. मी किती जणांना घातलं असेल. तुम्ही सगळे मिळून सोडवा. उत्तर निघालं तर ठीक. नाहीतर उद्यापासून मी कात्रीला हात लावणार नाही, मुलाला तसं कळवतो."

"एका कोड्यावरून?" मी म्हटलं.

"दोन बाह्या आणि एक कोडं," ते म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

वन्संनी मशीन बंद केलं. "वहिनी, बटणं काढा."

आम्ही खरंच पुठ्ठ्याचे तीन डबे घेतले. काळी, पांढरी, मिसळ अशी बटणं भरली. मी झाकणांवर चिंध्यांचे तुकडे टाके घालून बसवले. मग आम्ही दोघींनी तोंड फिरवायचं, वाफनं झाकणं इकडची तिकडे करायची आणि वन्संनी बटण काढायचं.

"मिसळीच्या झाकणाखाली हात घालते," वन्सं म्हणाल्या. काळं बटण निघालं. "म्हणजे यात नुसती काळी. पांढऱ्या झाकणाखाली मिसळ, काळ्याखाली पांढरी."

उघडून पाहिलं तर तस्संच. मी म्हटलं, सुटलं! वाफ मास्तरांना हाक मारायला निघालाच होता.

"थांब रे, पुन्हा कर," वन्संनी त्याला खाली बसवलं.

पुन्हा मिसळीच्या झाकणाखालून काळं निघालं, आणि या वेळी तिनांतली दोन उत्तरं चुकली. त्या डब्यात खरोखरच मिसळ होती.

"ही झाकणाची लबाडी आहे," वाफ म्हणाला.

"लबाडी झाकणाची नाही, तुझी. तू हे झाकण जागेवरच ठेवलंस, बाकीची दोन फिरवलीस."

"अदलाबदल म्हणजे काय, सगळीच फिरवायची?"

वन्संनी तिन्ही डबे आपल्यापुढं ओढले. मग त्यांनी स्वतः झाकणं फिरवायला घेतली. एखादं झाकण आपल्याच डब्यावर राहिलं की उत्तर कुठं ना कुठं फसायचंच. पण तिन्ही झाकणं परक्या डब्यांवर असली की एकदाही चुकायचं नाही. मलासुद्धा ते उमगलं. मिसळीचं झाकण खोटं आहे हे आधीच ठाऊक असेल, तर त्याखाली एकाच रंगाची बटणं असणार. एक काढलं की कुठला रंग ते कळलं. मग उरलेली दोन झाकणंही खोटीच, म्हणून तीही आपोआप उलगडतात.

"म्हणजे कोड्यात एक वाक्य होतं," वन्सं हळूच म्हणाल्या, "एकही झाकण आपल्या डब्यावर नाही. ते सांगितल्याशिवाय हे कोडंच नाही. मास्तरांनी ते सांगितलं नव्हतं."

वाफनं पुढच्या खोलीकडे पाहिलं. "उत्तर तर निघालं ना? तेवढंच सांगू. म्हणू, वाक्य तुम्ही सांगितलं होतं, आम्हीच नीट ऐकलं नाही."

मलाही ते पटत होतं. म्हाताऱ्या माणसाच्या पदरात एक खोटं टाकलं तर कुणाचं काय जातं?

"आणि उद्या कोट बेतताना काही राहिलं तर?" वन्संनी विचारलं. "तेव्हा काय म्हणायचं? गिऱ्हाइकाचेच दोन्ही हात डावे होते?"

आम्ही तिघंही टेबलापाशी गेलो. वन्संनी डबे मांडले, बटण काढलं, उत्तर सांगितलं, आणि राहिलेलं वाक्यही सांगितलं. काही झाकलं नाही.

मास्तरांचा चेहरा आधी खुलला. "हां! मिसळीच्या झाकणाखालून! बरोबर!" मग त्यांनी विचारलं, "मी ते वाक्य बोललो नव्हतो?"

"नाही, मास्तर."

"नक्की?"

"अदलाबदल झालीय, एवढंच म्हणालात."

ते स्टुलावर टेकले. "उत्तर आठवत नव्हतं, ते मला कळत होतं. त्याचं एवढं नाही. पण हे वाक्य राहिलंय, हे मला कळलंच नाही. मला वाटत होतं, मी कोडं पुरतं सांगितलं." मग म्हणाले, "बाहीच्या वेळीही असंच वाटलं होतं."

वाफनं टेबलावरचं बटण उचलून डब्यात टाकलं.

मास्तरांनी कात्री उचलली आणि मुठीकडून वन्संच्या पुढं धरली.

"अहो, मी मशीनवाली बाई," वन्सं मागं सरल्या.

"माझी रेघ मी मारीन. तुम्ही ती बघायची, मला विचारायचं, काय राहिलं, कापड उलटवलं का, आणि मग कापायचं. माझं एकट्याचं आता धरू नका."

वन्संनी पदर खोचला. पहिली बाही त्या इतक्या घाईनं कापायला लागल्या की मास्तर म्हणाले, "हळू. कापड पळून जात नाही." दुसऱ्या बाहीच्या आधी वन्संनी विचारलं, "उलटवलं का?" आणि मास्तरांनी कापड उलटवलं. तेव्हाही त्यांचं उलटवायचं राहिलंच होतं.

पुढच्या खेपेला मुलगा आला तेव्हा वन्सं टेबलाशी होत्या. त्यानं तयार झालेला कोट हातात घेतला, बाह्या ताणून पाहिल्या, दोनदा. मग विचारलं, "आणि बाबा?"

मास्तर मागं माझ्याशेजारी खिडकीपाशी बसले होते. रेघा मारून झाल्या की ते तिथंच येऊन बसायला लागले होते. गुडघ्यावर पँट, हातात सुई. मुलानं दारातून त्यांना पाहिलं. कुलपाचा विषय त्यानं काढला नाही. संध्याकाळच्या गाडीनं एकटाच परत गेला.

तुरपाई मास्तरांना कधी नीट जमली नाही. टाके लांब पडायचे. मी काही बोलत नसे. वन्संनी मात्र एकदा पँट उजेडात धरून पाहिली आणि त्यांच्या मांडीवर परत ठेवली.

"मास्तर, हे उसवा."

मास्तरांनी चष्मा लावला आणि निमूट उसवायला घेतलं.