अठ्ठावन्न वर्षांचा नवोदित

माझ्या धंद्यात माणूस गेल्याचं कुणी कळवत नाही, त्याचा फोटोच दुकानात येतो. सांगलीत एका बोळात माझं फ्रेमचं दुकान आहे. देव, लग्नं, पदव्या, पुढाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून काढलेले फोटो आणि मेलेली माणसं यांना मी चाळीस वर्षं चौकटीत बसवतोय. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी शटर वर करून उदबत्ती लावत होतो, तर एक गृहस्थ आले, मोबाइल पुढं धरला आणि म्हणाले, "अण्णा, दहाव्याला पायजे. मोठा करा. अंगात कोट चढवा, मागं निळं आभाळ टाका." मी चष्मा पुसून बघितलं. आधार कार्डावरचा तो चेहरा हणमंताचा होता. हणमंत गेला हे मला असं कळलं. तो गेला याचा अर्थ डोक्यात शिरेपर्यंत त्याला कोट घालायचा हुकूमही सुटला होता. गृहस्थ त्याचे मेव्हणे निघाले. मी म्हटलं, "पाहुणं, या माणसानं जन्मात कोट घातला नाही. आता मेल्यावर कशाला उकडायला लावताय?" त्यांना राग आला. येऊ दे की. कोट काही मी चढवला नाही.

दोन दिवसांनी पेपरात चार ओळी आल्या, 'ज्येष्ठ चित्रकाराचे निधन'. मी पेपर फेकूनच दिला. ज्येष्ठ म्हणे! अहो, गेल्या दिवाळीनंतरच्या प्रदर्शनाच्या पत्रिकेवर हाच माणूस 'नवोदित' होता. अठ्ठावन्न वर्षांचा, दातांची कवळी बसवलेला नवोदित. आमच्या भागात नवोदित कुणाला म्हणतात ते मला विचारा. ज्याला पुण्या-मुंबईत कुणी ओळखत नाही, ज्याच्याकडं चित्रकलेची पदवी नाही, आणि पत्रिकेत ज्याचं नाव चुकीचं छापलं तरी जो भांडायला येत नाही, तो नवोदित. जिवंत असेपर्यंत नवोदित आणि सरणावर चढला की एकदम ज्येष्ठ. मधल्या मधे नुसता चित्रकार म्हणून चार दिवस जगू द्यायला कुणाच्या बापाचं काय जात होतं?

हणमंत विट्याजवळच्या एका गावचा. त्या भागातल्या घराघरातली माणसं गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याच्या. देशभर शहरा-शहरांत त्यांची दुकानं आहेत. हणमंत सव्वीस वर्षं मदुरैत एका दुकानात नोकरीला होता. भट्टी, सोनं वितळवायची मूस, तेजाबाचा धूर. छातीचं खोकं झालं तेव्हा मालकानं गाडीत बसवून दिला. गावी आला, शेतातल्या मोटारीच्या खोलीत बसून चित्रं काढायला लागला आणि चार वर्षांपूर्वी एक दिवस खताच्या पोत्यात गुंडाळलेलं एक चित्र घेऊन एस्टीनं माझ्या दुकानात आला. मी पोतं सोडलं आणि बघतच राहिलो. सगळं काळं. त्या काळ्यात हळूहळू एक खोली दिसायला लागली. खिडकी नसलेली. कोपऱ्यात भट्टी आणि तिच्या लालसर उजेडात माणसं, एकमेकांच्या पायात डोकी घालून झोपलेली. मी विचारलं, "हे काय रं?" म्हणाला, "आमचं दुकान. मागची बाजू."

पुढं तीन वर्षं तो तीच खोली काढत राहिला. भट्टी पेटलेली, भट्टी विझलेली, कुणी जेवतंय, कुणी खोकतंय. मी वैतागून म्हणायचो, "हणमंता, एखादं झाड तरी काढ." तर म्हणायचा, "आवं अण्णा, तिथं झाड न्हवतंच, तर कुठनं काढू?"

आता आमच्या बाकीच्या चित्रकारांचंही सांगतो. त्यांचीही चित्रं मीच फ्रेम करतो, त्यामुळं मला कुणी शिकवू नये. नदीचा घाट, किल्ला, बैलजोडी, डोक्यावर हंडा घेतलेली बाई. सगळं मोबाइलवर बघून उतरवलेलं. एका महाभागानं तर मूळ चित्राच्या कोपऱ्यातली दुसऱ्याची सहीसुद्धा हुबेहूब उतरवली होती आणि वर तिच्याशेजारी आपली ठोकली होती. मी दाखवलं तर म्हणतो, "फ्रेमच्या पट्टीत झाकून टाका." अशांना शाल, श्रीफळ, मोमेंटो. आणि हणमंत? साताऱ्याच्या प्रदर्शनात त्याचं चित्र पिण्याच्या पाण्याच्या जारशेजारी लावलं होतं. कुणीतरी चहाचा रिकामा कागदी कप त्याच्या चौकटीवर ठेवून गेलं. मी चिडलो, त्यानं शांतपणे कप उचलला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. काय तरी ठिवायला उपेगी पडलं." तुच्छतेच्या बाबतीत मी स्वतःला मोठा समजत होतो, पण या माणसापुढं मी काहीच नव्हतो.

मग गेल्या वर्षी सांगलीचं प्रदर्शन ठरलं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे, त्याला कलादालन म्हणतात. एरवी तिथं साड्यांचे सेल लागतात. 'जिल्ह्यातील नवोदित चित्रकार', तीन दिवस. समितीनं हणमंताची पाच चित्रं घेतली, तीही एक डॉक्टर ऐनवेळी आपली निसर्गचित्रं घेऊन गोव्याला गेले म्हणून. समितीचं एक पत्रक होतं, त्यात लिहिलेलं की सर्व चित्रे काचेसह फ्रेम केलेली असावीत. हणमंत दुकानात आला आणि पहिलं वाक्य बोलला, "अण्णा, काच नको. सगळं काळं हाय, काच घातली की बघणाऱ्याला आपलंच थोबाड दिसंल."

खरं होतं. तैलरंगाला काच लावत नाहीत हे मला त्याच्याआधी वीस वर्षं ठाऊक होतं. चमक न मारणारी काच पुण्यात मिळते हेही ठाऊक होतं. पण मागवायची, वाट बघायची, समितीतल्या त्या अर्धवटांशी वाद घालायचा... मला कंटाळा आला. मी म्हटलं, "नियम आहे बाबा. आणि तिथं बघणार कोण आहे रं? सगळे भजी खायला येतात."

तो म्हणाला, "एक माणूस बघनार हाय. घरची येनार हाय."

आणि मग त्यानं जे सांगितलं, ते मी आजवर कुणाला बोललो नाही. सव्वीस वर्षं तो बायकोला सांगत आला होता की दुकानाच्या वर मोठी खोली आहे, पंखा आहे, गादी आहे, जेवायला खानावळ आहे. गलाईवाले सगळेच घरी असं सांगतात. गावात बंगले उभे राहिलेत ना, मग मागच्या खोल्यांचं कोण बोलणार? "आता तोंडानं खरं सांगाया गेलो तर तीबी थापच वाटंल," तो म्हणाला. "आनि घरात नेऊन दाखवलं तर म्हातारी आई रडंल, भावकी म्हनंल ह्यानं सगळ्यांची अब्रू काढली. तिथं कसं, चार मानसांत, भिंतीवर, मानानं लावलेलं असंल. तिनं एकदा डोळ्यानं बघावं, मी कुठं हुतो ते. बास. मग मी मोकळा." एवढं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर मी पाचही चित्रांना साधी काच ठोकली. स्वच्छ पुसून, झळझळीत.

उद्घाटनाला गलाईतलेच एक मोठे शेठ प्रमुख पाहुणे. भाषणं दीड तास चालली. एक जण कलेची व्याख्या करत होता, दुसऱ्यानं समितीच्या खजिनदाराच्या आईचं वर्णन केलं, आणि चित्रांकडं सगळ्यांची पाठ. मग फीत, मग फोटो. शेठ हणमंताच्या चित्रापुढं आले. मला वाटलं आता भडकणार, त्यांच्याच धंद्याची खोली होती ती. कुठलं काय! शेठनी मान वाकडी केली, काचेत बघून फेट्याचा तुरा सारखा केला आणि म्हणाले, "वा! फिनिशिंग लय भारी हाय." आणि सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मी खूश झालो. माझ्या कामाचं कौतुक झालं होतं ना! त्यांच्यामागून आलेल्या लोकांनी त्याच चित्रापुढं सेल्फी काढले, एका बाईनं टिकली सरळ केली. मी बाजूला उभा राहून सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या देत होतो. स्वतःला सोडून.

दुसऱ्या दिवशी दुपारी शालनवहिनी आल्या, हणमंताच्या मंडळी. विट्याहून एस्टीनं, दोन शेजारणींबरोबर, इरकल नेसून. हणमंत हॉलमध्ये थांबलाच नाही. "तुमी दाखवा," म्हणून जिन्यात जाऊन बसला. सव्वीस वर्षं आगीपुढं बसलेला गडी, पण बायकोच्या तोंडाकडं बघायचं धाडस झालं नाही. मी वहिनींना पाचही चित्रांपुढं नेलं. वरच्या ट्यूबलाइटी पेटलेल्या, समोर खिडकी उघडी. मी त्यांच्या मागं उभा होतो, त्यामुळं त्यांना काय दिसत होतं ते मलाही दिसत होतं. काचेत त्या होत्या, त्यांच्या दोन्ही शेजारणी होत्या आणि थोडा मी. खोली नव्हती. वहिनींनी पदर डोक्यावर सारखा घेतला, कपाळावरचा घाम टिपला, घटकाभर बघितलं आणि आदरानं म्हणाल्या, "छान हाय." मी त्यांना सांगू शकलो असतो की जरा बाजूनं बघा, डोळ्यांवर हात धरा. एक काच तिथल्या तिथं उतरवली असती तरी पाच मिनिटांचं काम होतं. पण समितीची मंडळी बघत होती, आणि काच उतरवायची म्हणजे माझी चूक चारचौघांत कबूल करायची. मी तसाच जिन्याकडं गेलो.

जिन्यात हणमंत उठून उभा राहिला. "काय म्हनली?"

"छान म्हणाल्या."

"छान?" त्यानं परत विचारलं. "नीट बघितलं न्हवं? सगळं?"

मी म्हटलं, "बघितलं की. चांगलं दहा मिनिटं."

तो खाली बघत राहिला. मग हसल्यासारखं केलं आणि म्हणाला, "मग बरंच झालं म्हनायचं." त्यानंतर त्यानं चित्र काढलं नाही. पाचही चित्रं माझ्या दुकानाच्या माळ्यावर पडून राहिली, न्यायला आला नाही. फोन केला की म्हणायचा, छाती भरून येती अण्णा, येतो पुढच्या आठवड्यात. माझा समज असा की तब्येतच बरी नसेल. समज कसला, सोयीचं होतं ते.

तेराव्यानंतर मी त्यातलं एक चित्र बाहेर काढलं, माळ्यावरच बसून त्याची काच उतरवली आणि विट्याची एस्टी धरली. घरी वहिनी एकट्याच होत्या, बाकीचे शेतात गेले होते. मी चित्र सोप्यात भिंतीला लावून उभं केलं, दाराकडून उजेड येईल असं, आणि म्हटलं, "वहिनी, हे बघा." त्या समोर जमिनीवर बसल्या. मग पुढं सरकून बोट न लावता एकेक माणूस मोजायला लागल्या.

"ही मानसं अशी का झोपल्यात? एकमेकांच्या अंगावर?"

"ती दुकानाची मागची खोली आहे. सगळे तिथंच झोपायचे. हणमंतसुद्धा."

त्यांचं बोट हवेतच थांबलं. कोपऱ्यात, भट्टीच्या पलीकडं, एक माणूस भिंतीला पाठ टेकून, गुडघे पोटाशी धरून बसल्या बसल्या झोपला होता. इतकी वर्षं ती चित्रं हाताळून मला तो कधी वेगळा दिसला नव्हता. "हे त्ये," वहिनी म्हणाल्या. "घरला आल्यावरबी असंच झोपायचे, भिंतीला टेकून. चार वरसं भांडली मी. म्हनायची, एवढं घर बांधलंय, एवढी गादी हाय, आडवं पडा की मानसासारखं! तर म्हनायचे, मला सवय हाय गं." त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. "जागाच न्हवती व्हय तिथं..."

मी हो म्हटलं. बाहेर कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता. वहिनींनी डोळे पुसले आणि माझ्याकडं वळून बघितलं.

"सांगलीला लावलं हुतं ते ह्येच का?"

"हेच."

"मग मला तवा का दिसलं न्हाई?"

मी काचेचं सांगितलं. सगळं सांगितलं, नियमाचं, पुण्याच्या काचेचं, माझ्या कंटाळ्याचं. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आनि मी काय म्हनले हुते, ह्येला बघून?"

"छान म्हणालात."

"त्येंला सांगितलं तुमी? मी छान म्हनले म्हनून?"

"सांगितलं."

वहिनींनी परत चित्राकडं तोंड केलं. भिंतीला टेकलेल्या त्या माणसाकडं बघत, माझ्याकडं न वळता, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "तुमी तवा माझ्या मागंच हुबं हुता न्हवं, अण्णा?"

"होतो," मी म्हटलं.