उपसूचना मांडली गेली नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं संसार केला, माझ्या सगळ्या खोडी तिला पाठ — हे मात्र नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी टाळत आलो, जसं काही त्याला ठाऊकच नसेल! तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि तरीही बघा, दाराला कडी घालून लिहितोय. कसली भीती राहिली आता? ज्यांना भ्यायचो ती माणसं केव्हाच गेली. तरी गल्लीत सायकलची घंटा वाजली की मी खिडकीपासून मागे सरतो.

सांगतो. दमानं घ्या जरा.

मी मास्तर. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहायचो, हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. जात्याच भित्रा. हेडमास्तरांच्या वहाणांचा आवाज आला की हातातला खडू मोडायचा, असला प्रकार. मग अशा माणसाची गाठ आबांशी कशी पडली? इंग्रजीमुळे, दुसरं काय! आबा म्हणजे आमच्या भागाचे खासदार, पहिल्या लोकसभेत विरोधी बाकावर बसणारे. गाव हातकणंगल्याजवळ, घरची तंबाखूची शेती, शिक्षण मराठी सातवी. माणूस वाघ. पण इंग्रजीपुढे शेळी व्हायचा. मग त्यांचे प्रश्न, पत्रं, अर्ज, सगळं इंग्रजीत मी करायचो. दर रविवारी गाडीनं त्यांच्या गावी जायचं, पडवीत बसायचं आणि आलेलं टपाल निपटायचं.

आणि एक वही ठेवायची. दिल्लीहून कामकाजाची छापील पुस्तकं येत. मतविभागणी झाली असली की त्यात दोन याद्या असत — 'होय' म्हणणाऱ्यांची ही लांबलचक, आणि 'नाही' म्हणणाऱ्यांची बोटभर. त्या बोटभर यादीत आबांचं नाव शोधायचं आणि तारीख, विषय, मत असं वहीत उतरवायचं. पलीकडच्या पानावर त्यांनी विचारलेले प्रश्न. लढाईतून परत आलेल्या शिपायांचं पेन्शन, स्टेशनावरचं पाणी, काय काय! गावातली टवाळ पोरं म्हणायची, "आमचा मानूस दिल्लीला नुसतं न्हाई म्हनाय गेलाय." आबा हसून म्हणायचे, "व्हय म्हननारं पैशाला पासरी हायत रं. न्हाई म्हनाय मानूस लागतोय." दिल्लीत असताना त्यांची एकही मतविभागणी चुकलेली नव्हती. अंगात ताप असताना घोंगडं पांघरून मत देऊन आले होते एकदा. मी साक्षी आहे. वही माझ्याच हातची होती.

आता तंबाखू. तिच्यावरचा कर दिल्लीचा. पान खळ्यावर पडलं की इन्स्पेक्टर हजर — किती वाळलं, कुठं ठेवलं, घरच्या बाईनं चिमूटभर काढलं का, सगळं बघणार. आबांनी ठरवलं, त्या वर्षीच्या अर्थविधेयकाला उपसूचना द्यायची, की शेतकऱ्याच्या खळ्यावरच्या तंबाखूचा कर उतरवा. मसुदा मी केला. सात कागद फाडले, आठवा ठेवला. उपसूचना पडणार हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. पण ती मांडायची, मतविभागणी मागायची, आणि आमच्या भागातले बाकीचे खासदार कुठल्या यादीत बसतात ते गावोगाव वाचून दाखवायचं, यासाठी ती होती. सगळा भाग त्या एका दिवसाकडे डोळे लावून बसला होता. एकट्या आबांच्या नावावर होती ती. मांडणारा हजर नसेल तर ती आपोआप गळते, हा तिथला नियम. हा नियम मला माहीत होता. हे लक्षात ठेवा, नंतर मी बावळटपणाचं सोंग घेईन तर ऐकू नका.

उपसूचना पुढल्या आठवड्यात येणार असं धरून आबा लेकीच्या लग्नाला गावी आले. लग्न सोमवारी, गोरज मुहूर्तावर. वरपक्ष कोडोलीचा, मानपानाला भारी कडक.

आबांच्या आईला तारेची धास्ती. धाकटा मुलगा लढाईत गेला, ती तार बरोबर घरातल्या एका हळदीच्या दिवशी आली होती. म्हातारीनं मला सकाळीच चुलीपाशी बोलावून बजावलं, "मास्तर, अक्षता पडूस्तवर कसली बी तार मांडवात न्यायची न्हाई. सांगून ठेवलंय." मी मान हलवली. खासदाराच्या घरचं लग्न, शुभेच्छांच्या तारा येणारच. त्या सगळ्या माझ्याकडे, हे ठरलं.

महादू तारवाला हातकणंगल्याहून सायकल मारत आला. घामानं निथळत होता बिचारा. चार तारा होत्या. प्रत्येक तारेच्या पावतीवर घेणाऱ्याची सही लागते. पण ओळखीच्या घरी महादूची आपली एक पद्धत होती, एका पावतीवर सही घ्यायची, बाकीच्या मागनं. मी एक सही केली आणि म्हणालो, ठेव इथं, उरलेल्या संध्याकाळी करतो. त्यानं दोन लाडू खाल्ले, पाणी प्यायला आणि गेला.

मी तारा उघडल्या. तीन शुभेच्छांच्या. चौथी दिल्लीहून, आबांच्या सोबत्याची: उपसूचना गुरुवारी घेणार, आजच निघा.

मी उठलो. खरंच उठलो हो! तार मुठीत धरून मांडवाच्या पहिल्या खांबापर्यंत गेलो. आबा फेटा बांधून पाहुण्यांना पान देत होते. दुपारची गाडी धरली तर गुरुवारी सकाळी दिल्ली. उशीर झाला की संपलं. आबा तार वाचून काय करणार? चुलतभावाला कन्यादानाला बसवणार आणि स्टेशन गाठणार, मला रतीभर शंका नव्हती. मग कोडोलीकर बिथरले तर? नवरदेव उठून गेला तर? म्हातारी काय म्हणेल? सगळा मांडव विचारेल, तार कुणी आणली — आणि बोट माझ्याकडे! मी परत जाऊन बसलो. म्हटलं, अक्षता पडल्या की देऊ. अक्षता पडल्यावर देऊन काय उपयोग, हा हिशेब मला येत नव्हता का? मी मास्तर होतो!

दुपारी गाडीची शिट्टी ऐकू आली. आजही ऐकू येते.

संध्याकाळी अक्षता पडल्या. आबा माझ्याकडे आले, डोळे भरलेले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुटलो, मास्तर. तुमी हुता म्हनून झालं बगा." आता कुठल्या तोंडानं तार काढू? सकाळीच का नाही दिली, हे विचारणार नाहीत? मी आचाऱ्याकडे गेलो, पाणी मागितलं, आणि तो वळल्यावर तार बुंदीच्या कढईखाली सारली. एका क्षणात गेली. हलकं वाटलं मला. लाज वाटते लिहायला, पण हलकं वाटलं.

मग काय व्हायचं ते झालं. छापील पुस्तकात एक ओळ आली: सदस्य गैरहजर, उपसूचना मांडली गेली नाही. समोरच्या पक्षानं तेवढीच ओळ मोठ्या टायपात छापून बाजारात वाटली. चार वर्षांची वही एकीकडे आणि ती ओळ एकीकडे! बिंदू चौकात आबांनी सभा घेतली, मला वही वाचायला उभं केलं. मी वाचत होतो. आबा माइकवर म्हणाले, "मला तार मिळाली न्हाई. लेकीची शपथ." मागून कुणीतरी ओरडलं, "लेकीच्या लग्नात तंबाकू इसारलासा व्हय, आबा!" सगळा चौक हसला. हसणाऱ्यांत त्यांच्याच गावची माणसं होती. आबा खाली बसले. माणूस असा खाली बसलेला मी कधी पाहिला नव्हता. माझ्या हातात वही होती आणि ओठांवर शब्द होते. चार शब्द लागले असते. पण समोर एवढी माणसं! ती मला जित्ता सोडतील का, एवढंच डोक्यात.

दिल्लीच्या सोबत्यानं लिहिलं, तार मी नक्की केली होती. आबा म्हणाले, "तुमास्नी मिळाली असती तर तुमी दिलीच असती की. मग पोस्टानंच घोळ घातला. मास्तर, कागद करा." आणि महादूविरुद्धची तक्रार मी लिहिली. मी! उत्तम इंग्रजीत, एकही खाडाखोड न करता.

चौकशी लागली. महादूनं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वाट पाहून उरलेल्या पावत्यांवर, दिल्लीच्या तारेच्याही, स्वतःच सह्या ओढल्या होत्या, हे बाहेर आलं. सगळे तारवाले तसं करायचे. सापडला तो एकटा. तो माझ्या घरी आला. सायकल भिंतीला लावली, चपला काढल्या, दारातच उकिडवा बसला.

"मास्तर, तुमच्या हातात दिल्ती की मी. चार हुत्या. तुमी म्हनलासा, ठेव हितं. एवडंच सायबाम्होरं सांगा. दुसरं काय बी नगं."

आत बायको चहा टाकत होती. तिनं ऐकलं असेल का? कधी विचारलं नाही तिनं. मी महादूच्या तोंडाकडे न बघता म्हणालो, "त्या दिवशी गर्दी किती होती, महादू. मला आठवत नाही रे."

त्यानं वाद घातला नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं! मला वाटतं, त्याला त्याच क्षणी सगळं कळलं. चहा न घेता उठला. साहेबासमोर मी तेच वाक्य इंग्रजीत म्हणालो. महादूची नोकरी गेली.

पुढच्या साली निवडणुका आल्या. त्या साली आमच्याकडे विरोधकांची अशी हवा होती की दगडाला शेंदूर फासून उभा केला असता तरी निवडून आला असता. आबांना मात्र तिकीट मिळालं नाही. ऐन वेळी लग्नात बसणारा माणूस नको, म्हणाले त्यांचेच लोक. आबा गावी शेतीत राहिले. मी रविवारी जात राहिलो. का जात राहिलो? न गेलो तर संशय येईल म्हणून.

एका रविवारी आबांनी मला बसूही दिलं नाही. हातकणंगल्याच्या स्टेशनात त्यांनी महादूला पोती उचलताना पाहिलं होतं. म्हणाले, "माझं जायचं ते गेलं, मास्तर. गरिबाच्या पोटावर पाय नगो. चूक माझीच धरा, तक्रार मागं घ्या. आत्ता लिवा, माझ्याम्होरं." मी लिहिलं. मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी सही केली, पाकीट स्वतः चिकटवलं आणि माझ्या हातात दिलं.

कोल्हापुरात उतरून मी टपालपेटीसमोर उभा राहिलो. चौकशी पुन्हा उघडली तर? नवा साहेब असेल. तो म्हणेल, एका पावतीवर सही करणारा मास्तर कोण, त्याला बोलवा. मी पाकीट खिशात घातलं, घरी आणलं आणि बंबात टाकलं.

पुढल्या रविवारी आबांनी विचारलं, "टाकलंसा न्हवं?"

"टाकलं, आबा."

त्यानंतर आबा मरेपर्यंत, दर रविवारी, मी पडवीची पायरी चढलो की पहिलं हेच विचारायचे, पोस्टाचं उत्तर आलं का. आणि दर रविवारी मी सांगायचो, अजून नाही आलं.