जोडीदारीण

हरिप्रिया राव ही अण्णा नगरमधल्या तंजावरी मराठी घरातली मुलगी. बॅडमिंटनमध्ये ती कायम दुहेरीच खेळली आणि नऊ वर्षं तेनमोळीबरोबरच खेळली. तेनमोळी मागून स्मॅश मारायची, हरिप्रिया नेटजवळ गुण मिळवायची. देशात त्यांची जोडी चौथी होती.

गेल्या वर्षी सराव संपल्यावर तेनमोळी बुटांच्या नाड्या सोडत म्हणाली, "प्रिया, सरांनी मला दुसरी जोडीदारीण दिलीय. एकोणीस वर्षांची आहे."

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले."

दुहेरीतलं मानांकन जोडीचं असतं, त्यामुळे अठ्ठाविसाव्या वर्षी हरिप्रियाला पुन्हा पात्रता फेरीपासून सुरुवात करावी लागली. वर्षात तीन जोडीदारणी झाल्या. सवयीनं ती नेटकडे धावायची आणि शटल मागे रिकाम्या जागी पडायचं. तिन्ही जोड्या पहिल्याच सामन्यात हरल्या.

"मग एकेरी खेळ ना," वडील म्हणाले.

"एकटीनं खेळायला मी शिकलेच नाही, अप्पा."

आता ती सिरुसेरीत सॉफ्टवेअरवाल्यांना सर्व्हिस शिकवते. मार्चमध्ये तेनमोळी राष्ट्रीय अंतिम सामना जिंकली. अप्पांनी टीव्ही लावला, तेव्हा हरिप्रिया उठून गच्चीवर गेली आणि सामना संपेपर्यंत खाली आली नाही.