आमच्या सोसायटीतलं माझं मत

दहिसरच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी व्हायची माझी जय्यत तयारी झाली होती. मी सोसायटीचा सभासदच नाही, एवढंच काय ते मला माहीत नव्हतं.

तशी ती चूक नव्हे, हुशारी होती. (माझीच!) बिल्डिंग नवी असताना मी एकेकाला गाठून सांगितलं होतं, "फ्लॅट एकट्या बायकोच्या नावावर घे रे. स्टॅम्प ड्युटीत सवलत आहे. शिवाय स्त्री-पुरुष समानता!" सगळ्यांनी ऐकलं. मग आम्ही पुरुष खाली पार्किंगमध्ये सभा भरवून भांडायला लागलो आणि घरांच्या मालकिणी वर स्वयंपाक करायला लागल्या.

त्या रविवारी निवडणूक होती. माझ्या विरोधात चौथ्या मजल्यावरचा कांबळे. मला निवडून यायचंच होतं. त्यासाठी नवा शर्ट घेतला होता. 'स्त्रियांना मानाचं स्थान' असं भाषणही पाठ केलं होतं. निवडणुकीसाठी बाहेरून आलेल्या बाईंनी नावं पुकारायला सुरुवात केली.

"परब?"

"हजर!"

"वैशाली परब?"

"ती माझी मिसेस. वर आहे. मला सांगा ना."

"सभासद त्या आहेत. मत त्यांचं. तुम्ही कोण?"

"मी... मिस्टर!"

कांबळे खो-खो हसला. तेवढ्यात "संगीता कांबळे?" असा पुकारा झाला आणि त्याचं हसणं बंद पडलं. पार्किंग माणसांनी भरलेलं आणि सभासद एक नाही!

"वाट लागली यार," कांबळे म्हणाला. "बायकोच्या नावावर घ्या, असं कोण सांगत फिरत होतं रे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी धावत वर गेलो.

"वैशाली, चल खाली! मला उभं राहता येत नाही म्हणतात. तू उभी राहा, बाकीचं मी बघतो."

"गॅसवर माशाचं कालवण आहे."

"तेही मी बघतो गं!"

"कालवण बघणार की सोसायटी? एक काय ते ठरवा," असं म्हणून तिने गॅस बंद केला.

बायका खाली आल्या, खुर्च्यांवर बसल्या. आम्ही खांबांना टेकून उभे. वैशाली आणि संगीतावहिनी जरा बाजूला जाऊन कुजबुजल्या आणि परत आल्या त्या सगळं ठरवूनच: संगीतावहिनी चेअरमन, वैशाली सेक्रेटरी. बिनविरोध! ज्या खुर्चीसाठी मी आणि कांबळे एकमेकांशी बोलत नव्हतो, ती अशी गेली.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही बसा हो."

पण एवढ्या वर्षांची सवय! मी घसा साफ केला. "माझी एक सूचना आहे..."

"ठराव पहिला," वैशाली माझ्याकडे न बघताच म्हणाली. "सभासद नसलेल्यांनी सभेला यावं, पण बोलू नये. बाजूने कोण?"

सगळ्या बायकांचे हात वर.

"विरोधात?"

मी ताडकन हात वर केला. चांगला ताणून, सगळ्यांना दिसेल असा.

"कोणीच नाही," वैशाली म्हणाली. "एकमताने मंजूर!"