काकूंनी दिलेला साचा

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या गावी पीएचडी करत असताना मी एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. तोंडावर मी दोघांना नावानेच हाक मारायची, तिथली रीतच तशी. पण नागपूरला आईशी बोलताना ते काका आणि काकूच असायचे.

काका शाळेत लाकूडकाम शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे एक ठासणीची बंदूक होती, चकमकीच्या ठिणगीवर पेटणारी. नळीच्या तोंडातून दारू ओतायची आणि वरून गोळी गजाने ठासायची. पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर तसल्या बंदुकांनी हरणं मारायचा मोसम असतो. काका दरवर्षी जायचे आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत यायचे. काकू मला म्हणायच्या, "हरणं ओळखतात ह्याला."

दोन हजार चारच्या सुरुवातीला काकूंना कॅन्सर निघाला, तोही फार पसरल्यावर. काकांच्या वाढदिवसाला त्यांनी अंथरुणातूनच फोन करून एक भेट मागवली. शिशाच्या गोळ्या ओतायचा साचा. दुकानदाराला त्यांनी सांगितलं होतं, ज्यातून सगळ्यात मोठी गोळी निघेल तो द्या. काकांनी खोका उघडला, साचा हातात घेऊन खूप वेळ पाहिला आणि म्हणाले, "हाच हवा होता मला."

पुढे एकदा मी सूप घेऊन खोलीत गेले तेव्हा काकू काकांना विचारत होत्या, "मारून पाहिलीस का ती गोळी?"

"पाहिली ना. अगदी सरळ जाते."

काकूंना फार बरं वाटलं. ऑगस्टमध्ये त्या गेल्या.

पानं गळायला लागली तेव्हा एका शनिवारी काका मला गराजमध्ये दिसले. समोर नेमबाजीचे कागद पसरले होते. त्यांवरची भोकं गोल नव्हती, चाकूने चिरल्यासारखी लांबट होती.

"हे असं का झालं?" मी विचारलं.

"गोळी आडवी होऊन लागली." त्यांनी बंदुकीची नळी माझ्याकडे वळवून आतल्या खाचा दाखवल्या. त्या खाचा पिळासारख्या वळत जातात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते. "ह्या नळीचा पीळ सावकाश आहे. चार फुटांत एक फेरा. बोरासारख्या गोल गोळीला तेवढा भरपूर होतो. पण गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट लागतो. नाहीतर ती तोल सोडते. हिच्या साच्यातली गोळी इंचाहून जास्त लांब आहे."

"मग तुम्ही त्यांना..."

"साचा पाहिला तेव्हाच कळलं होतं मला. मी तेव्हा एकही गोळी ओतली नव्हती." त्यांनी कागदांची घडी घातली. "तिला खोटं सांगितलं. आता ते खरं करायचंय."

मी तिथेच खाली बसले. आदल्या वर्षी माझे बाबा नागपूरला हॉस्पिटलमध्ये होते आणि माझे व्हिसाचे कागद अडकले होते. दादाने त्यांना सांगितलं, ती निघाली आहे, विमानात बसली आहे. मी कुठेही निघाले नव्हते. बाबा तेवढं ऐकून गेले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, काकांना सांगितलं. त्यांनी बाजूची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

त्यांनी दारू वाढवून पाहिली, कमी करून पाहिली. भोकं लांबटच पडत राहिली. नेमबाजीच्या क्लबातल्या मित्रांनी सांगितलं, घट्ट पिळाची नवी नळी बसव. काकांना ते पटेना. नळी बदलली तर बंदूकच दुसरी झाली, आणि मी तिला ह्या बंदुकीबद्दल बोललो होतो, असं त्यांचं म्हणणं. मी सुचवलं की साचाच वरून तासून घेऊ, म्हणजे गोळी आखूड होईल. डिपार्टमेंटच्या वर्कशॉपमध्ये मिलिंग मशिनवर मला काम करता येत होतं.

"नको," ते म्हणाले. "तिने दिलेली वस्तू आहे."

थँक्सगिव्हिंगला त्यांची मुलगी ओहायोहून येऊन गेली. ती गेल्यावर काका जिना चढून वर आले. एरवी ते कधी वर येत नसत. साचा रुमालात गुंडाळलेला होता. "नुसता जपून ठेवला तर तिला सांगितलेलं खोटंच राहील. गोळी पाऊण इंच राहील एवढं काढ. त्याहून जास्त नको."

मी साचा मशिनवर बांधला आणि अगदी पातळ थर काढत गेले. पडलेला कीससुद्धा कागदात बांधून घरी आणला. काकांनी तो घेतला आणि खिशात ठेवला.

डिसेंबरात आम्ही दोघं क्लबच्या मैदानावर गेलो. पातळ बर्फ पडलेलं होतं. काकांनी नवी आखूड गोळी ठासली, चाप ओढला, धुराचा मोठा लोट उठला. तो विरल्यावर मी चालत जाऊन कागद काढून आणला. भोक गोल होतं, पैशासारखं. त्यांनी आणखी काही गोळ्या मारल्या, त्याही गोलच लागल्या.

काका पिकअपमध्ये जाऊन बसले. मला वाटलं, थंडी वाजली असेल. जवळ गेले तर स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडत होते. काकूंच्या फ्यूनरलमध्येसुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"आता सरळ जाते," ते म्हणाले, "आणि सांगायला कुणी नाही."

परत येताना गाडी मी चालवली. त्या मोसमात ते शिकारीला गेलेच नाहीत. वसंतात मुलगी त्यांना ओहायोला घेऊन गेली. तिच्या घरात लहान मुलं, म्हणून बंदूक त्यांनी क्लबातल्या एका मित्राला दिली आणि घर विकायला काढलं.

पुढे मी कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला नोकरीला लागले. रविवारी फोन करायची. पहिली दोन वर्षं ते आवर्जून बोलायचे, बर्फ किती पडलं ते सांगायचे. मग एकदा मुलीने फोन उचलला. म्हणाली, डॅड आता कुणाला ओळखत नाहीत, पण तू बोल, त्यांना आवाज ऐकायला आवडतं. तिने फोन त्यांच्या कानाला लावला. इथे पाऊस नाही, टेकड्या वाळून पिवळ्या पडल्यात, असलं काहीबाही मी बोलत राहिले. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता.