गाठ सुटेपर्यंत जेवण नाही

स्काउटच्या घरात किस्से जमवावे लागत नाहीत. माळ्यावरच्या तंबूवर धूळ साचावी तसे ते आपोआप साचतात. मी नव्वद साली नागपूरहून लग्न होऊन काशीला, दुर्गाघाटावर आले. आजेसासरे स्काउट, सासरे म्हणजे तात्या स्काउटमास्तर, नवराही स्काउट, हे मला माहीत होतं. गाठीचं मात्र कुणी बोललं नव्हतं!

घराची रीत अशी: सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची, दिवसभरात कुणाच्या तरी उपयोगी पडलं की सोडायची. गाठ सुटल्याशिवाय रात्रीचं जेवण नाही. लोकांकडे एकादशी असते, आमच्याकडे हे.

लग्नातही तात्यांच्या गळ्यात स्कार्फ होता. अक्षता पडल्याबरोबर त्यांनी गाठ सोडली. मुलाचं लग्न लावून दिलं, आजचं सत्कार्य झालं, असं सगळ्यांना सांगितलं.

माझे बाबा हळूच म्हणाले, "व्याही, ते सत्कार्य आमच्याकडून झालंय."

*

एकदा पंचगंगा घाटावर पुण्याच्या एक आजी पाण्यात दिसेनाशा झाल्या. तात्यांनी धोतरासकट उडी मारून त्यांना पायरीवर आणून बसवलं. आजींनी श्वास घेतला आणि तोंड सोडलं.

"मेल्या, दोनच बुड्या झाल्या होत्या माझ्या. तिसरी काय तुझा बाप मारणार?"

तात्या गाठ सोडून ऐटीत घरी आले. सासूबाईंनी हकिगत ऐकून निवाडा दिला, "हे धरायचं नाही. मारा परत गाठ."

*

नवऱ्याची तऱ्हा वेगळी नाही. घाटावर एक गोरा भर उन्हात डोळे मिटून पडलेला दिसला. हे बँकेत जायचं सोडून तासभर त्याच्यावर छत्री धरून उभे. शेवटी गोऱ्याने डोळे उघडले, छत्री बघितली आणि उठून दुसऱ्या पायरीवर उन्हात जाऊन झोपला.

*

संध्याकाळपर्यंत गाठ सुटली नाही की तात्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे. मग लोक पिशव्या पदराखाली घेऊन जायचे. पानवाल्या लल्लनला मात्र दया यायची. तो पानांची टोपली मुद्दाम खाली ठेवायचा.

"का तात्या, गाँठ नाहीं खुलल? तनी उठा दा, खाना जुड़ात होई."

जेवण गार होईल, जरा टोपली उचलून द्या, हे ऐकून तात्या भडकायचे. ओढूनताणून काढलेलं काम चालत नाही, ती भीक झाली, म्हणायचे आणि उपाशी झोपायचे.

*

मग आमची मुक्ता. सहाव्या वर्षी ती शाळेत स्काउटच्याच छोट्या मुलींच्या बुलबुल पथकात जायला लागली आणि तात्यांनी तिला शिकवायला घेतलं. डॉक्टरी गाँठ, खूँटा गाँठ, सगळ्या तिला डोळे मिटून यायच्या. घरी पूजा होती. गुरुजी जेवायला बसले असताना तिने त्यांच्या उपरण्याचं टोक मागच्या खांबाला बांधलं.

गुरुजी दक्षिणा घेऊन उठायला गेले आणि परत पाटावर बसले. म्हणाले, "जन्मभर मी यजमानाला सोडलं नाही. आज यजमान मला सोडेनात."

*

त्याच वर्षी हिवाळ्यात तात्यांचा गुडघा गेला. पायऱ्या बंद, घाट बंद. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला कोण काम सांगणार? दोन रात्री ते नुसतं दूध पिऊन झोपले. मी सुईत दोरा ओवून मागितला तर म्हणाले, "सूनबाई, तुझे डोळे शाबूत आहेत."

एरवी या गाठीला हसणारी मी, पण तेव्हा मला खरंच भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी मुक्ताची प्रतिज्ञा होती, घरातल्या चौथ्या पिढीची. सकाळी गणवेश, स्कार्फ, टोकाला गाठ आणि नवे पांढरे बूट घालून ती ओट्यापाशी गेली. बुटांच्या नाड्या लोंबत होत्या.

"तात्या, मला बांधता येत नाहीयेत."

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. "विसरलीस?"

"हो."

ते कण्हत वाकले. एक बूट, मग दुसरा. बराच वेळ लागला. मग सरळ होऊन त्यांनी आपल्या स्कार्फची गाठ सोडली आणि आत बघून सासूबाईंना म्हणाले, "आज भाकरी टाक."

मी मुक्ताला घेऊन निघाले. वळणावर ती थांबली. मागे वळून ओटा दिसत नाही याची खात्री केली, आपल्या स्कार्फचं टोक पुढे ओढलं आणि गाठ सोडली.

"चल ना आई," म्हणाली, "देर होतेय."